गागोदे ते पवनार : ब्रह्मविद्या मंदिराची साठ वर्षे

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. वडखळ, पेण, नागोठणे या पट्ट्यातल्या शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते. ११ सप्टेंबरला जयंती होते, फोटोला हार पडतो, भूमिहीनांसाठी जमीन मागण्याच्या त्यांच्या भूदान चळवळीवर भाषणे होतात. पण गागोद्यात नांदलेल्या एका बाईच्या बोलण्याची आठवण विनोबांनी चाळीसहून अधिक वर्षे मनात जपली आणि वर्ध्याजवळ पवनारला त्यांनी स्त्रियांच्या हाती सोपवलेली संस्था उभी केली, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. ती बाई म्हणजे विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई भावे. संस्था म्हणजे ब्रह्मविद्या मंदिर. २५ मार्च १९५९ रोजी सुरू झालेल्या या संस्थेला २५ मार्च २०१९ रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने तिचा इतिहास लिहिताना सुरुवात पवनारपासून न करता गागोद्यापासून केली आहे. रायगडच्या वाचकाला हा इतिहास आपल्या घरचा वाटावा, अशी त्यामागे इच्छा आहे.

बीज : १९५९ पूर्वी

रुक्मिणीबाईंविषयी आपल्याला जे कळते ते बहुतेक विनोबांनीच सांगितलेले आहे. गागोद्याच्या घरी फणस फोडला की पहिले गरे शेजारीपाजारी जात आणि ते पोचवण्याचे काम मुलांकडे असे. देतो तो देव आणि स्वतःजवळ राखतो तो राक्षस, ही शिकवण विनोबांना या फणसातून मिळाली. पुढे गावोगाव हिंडून जमीन मागणाऱ्या माणसाचा पहिला धडा कोकणातल्या माजघरात झाला होता, हे ध्यानात घेतले की भूदानाची गोष्ट नव्याने समजते. देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत त्या करीत, तेही एकेक दाणा मोजून. तांदूळ वजनाने मोजून घ्यावेत म्हणजे वेळ वाचेल, असे वडिलांनी सुचवले. विनोबांनी आईची बाजू घेतली, कारण प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण होत होते.

गीता समजून घ्यायची त्यांना फार ओढ होती. संस्कृत येत नव्हते आणि जुनी मराठी समश्लोकी जड जात होती. सोपी गीता मिळत नाही तर तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलाला विचारले. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी त्या गेल्या. मुलाने आईचे हे मागणे ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत पुरे केले. लाखो मराठी घरांत पोचलेली गीताई ही अशी एका न शिकलेल्या बाईच्या मागणीतून आली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रुक्मिणीबाईंच्या नावाला जागा असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक बोलणे सर्वांत महत्त्वाचे आहे. विनोबा तरुणपणी वैराग्याचे प्रयोग करीत. अनवाणी चालत, चटईवर झोपत, खाण्यापिण्याचे नियम पाळत. आई ते पाहत असे. आपण पुरुष असतो तर खरे वैराग्य कसे असते ते दाखवून दिले असते, असे त्या मुलाला म्हणाल्या होत्या. विनोबांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. आपल्या आईजवळ शक्ती होती आणि ती वापरायला वाट नव्हती, ही खंत त्यांना कायम राहिली असावी. घरात चूल, मुले, आलागेला, सणवार हे सारे सांभाळून देवाचे करणारी बाई सगळ्यांना चालते. तीच बाई घराबाहेर पडून ज्ञानाच्या शोधाला लागली, तर तिला राहायला जागा कुठे होती?

जागा अगदीच नव्हती असे नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथात महदंबेला मान होता. मुक्ताई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग आपल्या बायका आजही म्हणतात. पण त्या एकेकट्या होत्या. गौतम बुद्धांनी स्त्रियांना संघात घ्यायला आधी संकोच केला आणि शिष्य आनंद यांच्या आग्रहानंतर घेतले. महावीरांनी त्यांना निःशंकपणे प्रवेश दिला, याचे विनोबांना मोठे कौतुक होते. तरीही नियम पुरुषांनी करायचे आणि स्त्रियांनी पाळायचे, ही रीत पुढे चालूच राहिली. शास्त्रे पुरुषांनी लिहिली, आता स्त्रियांनी लिहावीत, शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानी आणि विरक्त स्त्री निपजावी, असे विनोबा स्पष्टपणे म्हणत.

हा विचार प्रत्यक्षात यायला भूदानाची चळवळ कारण ठरली. विनोबा १९३८ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी पवनारला धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला आले. त्या ठिकाणाला त्यांनी परंधाम नाव दिले. तिथे शेत खणताना भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प सापडले. ते आजही तिथे पूजेत आहे. १९५० मध्ये तिथेच कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय स्वतःच्या श्रमावर जगण्याचा प्रयोग झाला. मग १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले आणि १२ सप्टेंबर १९५१ रोजी विनोबा पवनार सोडून देशभरच्या पदयात्रेला निघाले.

या पदयात्रेत स्त्रिया मोठ्या धैर्याने सामील झाल्या. महादेवीताई सावलीसारख्या बरोबर असत. नागपूरच्या निर्मला देशपांडे १९५२ मध्ये आल्या. विमला ठकार, कुसुम देशपांडे अशी कितीतरी नावे घेता येतील. जानकीदेवी बजाज यांनी कूपदानासाठी पायपीट केली, विहिरी मागितल्या. १९५० च्या दशकात मध्यमवर्गातली अविवाहित मुलगी खेड्यापाड्यांतून रोज दहा-बारा मैल चालते, सभेत बोलते, परक्या घरी मुक्काम करते, ही साधी गोष्ट नव्हती. घरच्यांचा विरोध, लोकांचे टोमणे, तब्येतीची हेळसांड, सारे सोसून त्या टिकल्या. चालणे थांबले की त्यांनी कुठे जायचे, हा प्रश्न मात्र होता. पुन्हा भावाच्या घरी, की आश्रमात कोणाच्या तरी आज्ञेखाली?

१९५९ ते १९६९ : संस्थापक दूर, संस्था उभी

२५ मार्च ही तारीख विनोबांनी ठरवून निवडली. २५ मार्च १९१६ रोजी त्यांनी ब्रह्मजिज्ञासेसाठी घर सोडले होते. त्रेचाळीस वर्षांनी त्याच दिवशी त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. आपल्याला जी मोकळीक वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळाली आणि आईला कधीच मिळाली नाही, ती इतर स्त्रियांसाठी खुली करण्याचा हा दिवस होता, असे मी समजतो.

स्थापनेच्या वेळी विनोबा स्वतः पवनारला नव्हते. पदयात्रा चालूच होती. राजस्थानातून ते पुढे पंजाब आणि काश्मीरकडे गेले. पवनारला ते परतले १० एप्रिल १९६४ रोजी. म्हणजे पहिली पाच वर्षे संस्थापक शेकडो मैल दूर आणि संस्थेतल्या स्त्रिया, म्हणजे तिथल्या बहिणी, पवनारला, असा संसार चालला. मार्गदर्शन पत्रांतून व्हायचे. रोजचे निर्णय मात्र बहिणींनाच घ्यावे लागत. या गोष्टीचे महत्त्व मला फार वाटते. संस्थापकाच्या छायेत वाढलेली संस्था तो गेल्यावर सुकते, हे आपण महाराष्ट्रात अनेकदा पाहिले. इथे स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागली.

सुरुवातीची वर्षे कष्टाची होती. आसाम, ओडिशा, गुजरात, कर्नाटक, केरळ, उत्तर प्रदेश, महाराष्ट्र अशा निरनिराळ्या प्रांतांतून बहिणी आल्या. भाषा वेगळ्या, जेवणाच्या सवयी वेगळ्या. विदर्भाचा उन्हाळा बहुतेकींना नवा. नोकर नाही, स्वयंपाकीण नाही. झाडणे, संडाससफाई, दळण, स्वयंपाक, शेती, गोपालन, सूतकताई ही कामे वाटून घ्यायची आणि पाळीपाळीने बदलायची. अभ्यास आणि श्रम यांत उच्चनीच मानायचे नाही. उपनिषदांवर चर्चा करणारी बहीण दुपारी निंदणी करताना दिसे. भातलावणीला कमरेत वाकणाऱ्या आपल्या पेण-वडखळच्या बायकांना श्रमाचे कौतुक कोणी सांगायला नको. पण ज्या हातात खुरपे त्याच हातात उपनिषद, हा योग तेव्हाच्या भारतात विरळाच होता.

कारभाराची रीतही निराळी ठरली. संस्थेला प्रमुख नाही. अध्यक्ष, व्यवस्थापक, कुलमाता असे कोणतेही पद नाही. जो निर्णय करायचा तो सर्वसंमतीने. एकीचेही मन तयार नसेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. काही बांधवही आश्रमात राहत आले आणि त्यांनी फार मोलाची साथ दिली. पण सूत्रे बहिणींकडे. पन्नास-साठ माणसांच्या भावकीत एक निर्णय एकमताने घेताना काय होते, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. इथे वेगवेगळ्या मुलखांतल्या, स्वतंत्र बाण्याच्या स्त्रियांनी ते वर्षानुवर्षे करून दाखवले. मतभेद झाले नसतील असे कोण म्हणेल? पण त्यातून संस्था फुटली नाही.

याच सुमारास बंगालमध्ये श्री सारदा मठ १९५४ मध्ये स्थापन होऊन १९५९ मध्ये रामकृष्ण मठापासून स्वतंत्र झाला आणि संन्यासिनींनी आपला कारभार आपल्या हाती घेतला. पूर्वेला आणि विदर्भात एकाच वर्षी स्त्रियांच्या आध्यात्मिक स्वातंत्र्याच्या दोन वाटा उघडाव्यात, ही नोंद इतिहासात ठळकपणे व्हायला हवी. विनोबांनीही पुढे १९६२ मध्ये आसामात उत्तर लखीमपूरला मैत्री आश्रम सुरू केला. तिथेही बहिणींचेच काम मोठे.

पवनारहून ‘मैत्री’ मासिक निघू लागले आणि संस्थेला बाहेरच्या जगाशी बोलायला एक खिडकी मिळाली. मजकूर तयार करणे, मुद्रिते तपासणे, छपाई, टपाल ही सारी जबाबदारी बहिणींनी उचलली. कुराण-सार, धम्मपद, ख्रिस्तधर्म-सार अशी विनोबांची सर्वधर्मीय संकलने परंधाम प्रकाशनामार्फत वाचकांपर्यंत जाऊ लागली.

१९६७ साली चार भगिनी लोकयात्रेला निघाल्या. बारा वर्षे पायी चालायचे, हा संकल्प. हातात संस्थेचा पैसा नाही, बरोबर पुरुष संरक्षक नाही. गावात जायचे, बायकांना गोळा करायचे, बोलायचे, ऐकायचे, मिळेल ते खाऊन दुसऱ्या दिवशी पुढे निघायचे. प्रांतामागून प्रांत ओलांडीत त्यांनी बारा वर्षे पुरी केली. स्वतंत्र भारताच्या सार्वजनिक जीवनात स्त्रियांनी केलेल्या मोठ्या कामांत या यात्रेची गणना करावी लागेल. शाळेच्या पुस्तकात ती नाही. ती यायला हवी.

१९७० चे दशक : देशाची नजर पवनारवर

२ नोव्हेंबर १९६९ रोजी मधल्या काळात पुन्हा यात्रेला निघालेले विनोबा बिहारमधले काम आटोपून पवनारला परतले आणि ७ ऑक्टोबर १९७० पासून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जाणे नाही. आता देश पवनारला येऊ लागला. मंत्री, कार्यकर्ते, परदेशी अभ्यासक, शाळेच्या सहली, सगळ्यांची ये-जा सुरू झाली. या माणसांचे जेवणखाण, झोपणे, भेटीच्या वेळा, हे सारे बहिणींनी आपली प्रार्थना आणि श्रम न चुकवता सांभाळले. ज्यांनी खेड्यात मोठे लग्न काढले आहे त्यांना याची थोडी कल्पना येईल, पण इथे हे रोजचेच होते.

या दशकाच्या पूर्वार्धात स्त्री-शक्ती जागरणाच्या पदयात्रा ठिकठिकाणी निघाल्या. घरातली बाई गावाच्या प्रश्नावर बोलू लागली पाहिजे, दारू, अश्लील पोस्टरे, हुंडा यांविरुद्ध स्त्रियांनीच उभे राहावे, हा त्यांचा आशय होता. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जगभर साजरे झाले आणि महाराष्ट्रातही स्त्रियांच्या नव्या संघटना उभ्या राहिल्या. त्यांची भाषा वेगळी, पवनारची वेगळी. पण स्त्रीने आपला निर्णय आपण घ्यावा, या एका गोष्टीवर दोघी एकच बोलत होत्या.

महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ १९७४ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने सिद्ध झाला. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन धरले. पुढचा आणीबाणीचा काळ देशाला आणि गांधी-विनोबांच्या विचाराने काम करणाऱ्या सर्वोदय परिवारालाही अवघड गेला. वेगवेगळी मते होती, ती आज उगाळण्याचे कारण नाही. पवनारपुरते सांगायचे तर १९७६ च्या जूनमध्ये, गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपवासाचा संकल्प जाहीर केलेला ‘मैत्री’चा अंक पोलिसांनी जप्त केला. बहिणी घाबरल्या नाहीत आणि मासिक पुढे चालू राहिले. आणीबाणीत अनेक मोठी पत्रे गप्प झाली होती, तेव्हा स्त्रियांनी काढलेल्या एका लहान मासिकाने हे धैर्य दाखवले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

१९८० चे दशक : विनोबांनंतर

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, देह ठेवला. महावीरांच्या निर्वाणाचीही तिथी तीच. ते आठ दिवस बहिणींनी ज्या शांततेने काढले त्याबद्दल तिथे असलेल्या अनेकांनी लिहिले आहे. आग्रह करणारे, विनवणारे येत होते. देशाचे पुढारी दारात होते. विनोबांचा निर्णय विनोबांचा, असे मानून त्यांना अखेरपर्यंत सोबत करणे, हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले. १९८३ मध्ये विनोबांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

विनोबा गेल्यावर संस्था कोण चालवणार, असे बाहेरच्यांनी विचारले. आत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण ती पहिल्यापासून बहिणीच चालवत होत्या. कोणी गादीवर बसले नाही, वारस नेमला नाही, समाधीचा मोठा उत्सव मांडला नाही. दरवर्षी नोव्हेंबरात मित्र-मिलन भरू लागले. देशभरचे स्नेही येतात, बोलतात, प्रार्थना करतात, परततात.

१९९० ते २००९ : शब्द जपण्याचे काम

या दोन दशकांत संस्थेने जे केले ते गाजले नाही, पण टिकणारे आहे. विनोबा लिहिणारे कमी आणि बोलणारे जास्त. त्यांची हजारो प्रवचने वह्यांत, फितींवर, जुन्या अंकांत विखुरलेली होती. ती शोधणे, पडताळणे, विषयवार लावणे हे किचकट काम बहिणींनी आणि सहकारी बांधवांनी हाती घेतले. विनोबा साहित्याचे वीस खंड त्यातून तयार झाले. पवनारच्या कालिंदीताईंनी विनोबांच्याच शब्दांतून त्यांचे आत्मचरित्र गुंफले. ‘अहिंसा की तलाश’ या नावाने ते आले आणि मार्जोरी साइक्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुक्मिणीबाईंच्या ज्या आठवणी या लेखाच्या आरंभी दिल्या, त्या आज आपल्याला वाचायला मिळतात याचे श्रेय या कामाला आहे. एका कोकणी बाईचे बोलणे पवनारच्या बहिणींनी जपले नसते तर ते तिच्याबरोबरच गेले असते.

पदयात्रेतून आलेल्या निर्मला देशपांडे यांनी राज्यसभेत, काश्मीरमध्ये, भारत-पाक मैत्रीच्या कामात आयुष्य वेचले. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १ मे २००८ रोजी त्या गेल्या.

याच काळात आपल्या गावांत दुसरे एक स्थित्यंतर घडत होते. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, आणि पुढे २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. रायगडच्या ग्रामपंचायतीत आज बाई सरपंच असणे नवलाचे राहिले नाही. खुर्ची मिळाली, पण निर्णय घरातला पुरुष घेतो, ही तक्रारही आपण ऐकतो. पवनारच्या बहिणींनी खुर्ची ठेवलीच नाही आणि निर्णय मात्र हातात ठेवला. आपल्या महिला ग्रामसभांनी त्यांची सर्वसंमतीची रीत समजून घ्यावी, बचत गटांनी एखादी सहल शिर्डीऐवजी पवनारला न्यावी, असे मी सुचवीन.

२०१० नंतर आणि आज

आश्रमाचा दिवस पहाटे उगवतो. साडेचारला ईशावास्य, सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणे. मधल्या वेळात शेत, गोशाळा, सूत, स्वयंपाक, प्रकाशन आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलणे. पाहुण्यालाही कामात हात लावावा लागतो आणि बहुतेकांना ते आवडते. गांधी-विनोबांचा अभ्यास करणारे तरुण, शेतीत प्रयोग करणारी मंडळी, परदेशी विद्यार्थिनी इथे येऊन राहतात.

स्थापनेच्या काळात तरुण असलेल्या बहिणी आज वयोवृद्ध झाल्या आहेत. काही आपल्यातून गेल्या. जन्मभराचे व्रत घेऊन येणाऱ्या मुली आता थोड्या. पुढची व्यवस्था काय असावी याचा विचार बहिणी आपल्या रीतीने, सर्वांनी मिळून करीत आहेत. बाहेरच्यांनी घाईने सल्ला देऊ नये. आपल्याला करण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. परंधामची पुस्तके आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयात असावीत. पेण-वडखळच्या शाळांनी ११ सप्टेंबरला विनोबांबरोबर रुक्मिणीबाईंचेही नाव घ्यावे. गागोद्याला येणाऱ्या पाहुण्यांना पवनारच्या बहिणींच्या कामाची माहिती मिळेल अशी सोय तिथे व्हावी.